३०२ पेशींची खातेवही

लांबी एक मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक, अन्न म्हणजे कुजक्या पालापाचोळ्यातले जीवाणू. ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ हे या गोलकृमीचे नाव त्याच्या अंगापेक्षा लांब! त्याच्या मज्जासंस्थेत मोजून ३०२ पेशी. सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी कृमीचे अतिपातळ छेद घेतले, कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे हे वर्षानुवर्षे टिपले आणि १९८६ साली त्याचा नकाशा छापला.

आमच्या नवी मुंबईत यावर पहिला प्रश्न येईल, “यात स्कोप काय?” वाशीपासून पनवेलपर्यंत हुशार मुलांना दोनच रस्ते दाखवले जातात, इंजिनिअरिंग आणि मेडिकल. मुलीने संशोधनाचे नाव काढले की घर काळजीत पडते. प्रश्न पैशाचा आहे, तेव्हा बँकेत हयात घालवलेल्या माणसाने उत्तर द्यायला हरकत नाही.

बँकेच्या सगळ्या शाखांचे पत्ते ठाऊक असले, तरी पैसा कुठून कुठे जातो ते कळत नाही. त्यासाठी खातेवही उघडावी लागते. पेशींचेही तसेच. जनुकांचा ग्रंथ सर्व पेशींत एकच. कोणती पेशी त्यातले कोणते पान उघडून कोणते प्रथिन बनवते, यावर तिचे काम ठरते. मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ साली जेलीफिशमधले हिरवे चमकणारे प्रथिन या कृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या पेशींत उजळवून दाखवले. जिवंत प्राण्यातले उघडे पान डोळ्यांना दिसू लागले. २००८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा याच कृमीच्या मज्जातंतूंतली मालवाहतूक अभ्यासते. पेशीत तयार झालेला माल ‘अन्क-१०४’ नावाचे हमाल-प्रथिन तंतूच्या टोकापर्यंत नेते. हा हमाल बिघडला की कृमीला नीट सरपटता येत नाही. माणसातला त्याचा भाऊबंद ‘किफ-१ए’ बिघडला की लहान मुलांना मज्जासंस्थेचे गंभीर आजार जडतात. किडा का अडखळतो, या बिनकामाच्या वाटणाऱ्या प्रश्नाची नाळ अशी एखाद्या घरातल्या पाळण्याशी जुळते.

कर्ज देताना आम्ही तारण मागत असू, परतफेडीची तारीख लिहून घेत असू. ज्ञानाच्या खात्यात ही दोन्ही कलमे बसत नाहीत. मात्र धीर धरण्याचा सारा भार मध्यमवर्गीय घरावर टाकणे अन्यायाचे. सरकारने शिष्यवृत्ती वेळेवर आणि पोटापुरती द्यायलाच हवी. आपण पालकांनी एवढेच करावे: मूल सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले असेल, तर पगाराचा आकडा विचारण्याआधी त्याला काय दिसते आहे, ते विचारावे.