परक्या घराचे यजमान

परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. एरवी मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणेच पाऊसपाण्याच्या चिंतेत असलेले हे गाव चैत्रातील यात्रेच्या दिवसांत भाविकांनी फुलून जाते, आणि रात्री पाठ टेकण्यापुरत्या जागेलाही त्या दिवसांत मोल येते. सोनारीत जे यात्रेपुरते घडते, तेच तुळजापुरात आश्विनातील नवरात्रापासून कोजागरीपर्यंत घडते, पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला घडते, आणि मुंबई-पुण्यात तर आता बाराही महिने घडत असते. प्रवाशाला निवारा हवा असतो आणि ज्याच्या हाती रिकामी खोली आहे त्याला चार पैसे हवे असतात. या दोन गरजांची गाठ पडण्यात वावगे काहीच नाही. तीर्थक्षेत्री पुजाऱ्यांच्या आणि गृहस्थांच्या घरी यात्रेकरूंनी उतरावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि धर्मशाळा अपुऱ्या पडल्या तेव्हा याच घरांनी यात्रेची लाज राखलेली आहे.

परंतु ज्या घराचे दार पाहुण्यासाठी उघडले जाते, ते घर दार उघडणाऱ्याचे नसेल तर? महिन्याच्या भाड्याने घेतलेली जागा भाडेकरूने मालकाला न विचारता रात्रीच्या दराने परक्यांना द्यावी, हा प्रकार अलीकडे वाढत चालला आहे. पूर्वी त्यासाठी गिऱ्हाईक शोधत एस्. टी. स्थानकावर उभे राहावे लागे. आता हातातल्या मोबाईलवर खोलीचे छायाचित्र टाकले की काम भागते. मालक सोलापुरात किंवा पुण्यात नोकरीनिमित्त राहत असला तर आपल्या घरात काल कोण निजले होते याचा त्याला पत्ताही नसतो. परक्याच्या मालावर उदार होणाऱ्यासाठी आपल्या भाषेत ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ही म्हण आहे. पण तुळशीपत्र निदान दानाचे असते. येथे परक्याच्या घराची चक्क विक्री चालली आहे.

या व्यवहाराचे समर्थन करणारे म्हणतात की, भाडे वेळेवर मिळत असेल तर मालकाचे नुकसान ते काय? महिनाभरासाठी जागा आमची. आम्ही तीत पाहुणे ठेवू किंवा ती कुलूप लावून ठेवू. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण त्याचा पाया कच्चा आहे. समजा, एका खोलीचे भाडे महिना ६,००० रुपये आहे आणि यात्रेच्या गर्दीत तीच खोली रात्रीला १,५०० रुपयांना जाते. चार रात्रींत महिन्याचे भाडे वसूल झाले. पुढची प्रत्येक रात्र निव्वळ नफ्याची. हा नफा कोणाच्या भांडवलावर झाला? छप्पर मालकाचे, घरपट्टी मालकाची, गळक्या गच्चीची दुरुस्तीही मालकाचीच. मालकाने जागा एका कुटुंबाला राहण्यासाठी दिली आणि त्या कुटुंबाची माणसे मोजून भाडे ठरवले. रोज बदलणाऱ्या दहा माणसांचे पाणी, वर्दळ आणि जोखीम त्या भाड्यात धरलेली नव्हती. राहण्यासाठी घेतलेल्या जागेत धंदा थाटणे म्हणजे करारातील वस्तूच बदलणे होय.

कायद्याचे म्हणणेही याहून फार वेगळे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २६ प्रमाणे, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने जागा किंवा जागेचा भाग पोटभाड्याने देणे बेकायदा आहे. इतकेच नव्हे, तर ती नुसत्या परवान्याने वापरू देणेही बेकायदा आहे. ‘आम्ही पोटभाडेकरू ठेवला नाही, चार दिवसांचा पाहुणा ठेवला’ ही पळवाट म्हणूनच टिकत नाही. अशा रीतीने जागा दिल्यास कलम १६ अन्वये ताबा परत मागण्याचा हक्क मालकास मिळतो. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांची स्थिती तर याहून नाजूक आहे. कारण १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार राहण्याचा परवाना हा ज्याला दिला त्याच्यापुरताच असतो, तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

येथपर्यंत मालकवर्ग संतोषाने माना डोलावील. परंतु याच चित्राची दुसरी बाजू त्याने नीट पाहिलेली बरी. भाडे नियंत्रणाचा हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. जी गावे त्या क्षेत्रांबाहेर आहेत, तेथे १८८२ चाच मालमत्ता हस्तांतरण अधिनियम चालतो आणि त्याचे कलम १०८ याच्या नेमके उलट बोलते: करारात मनाई नसेल तर भाडेपट्टेदार जागा पोटभाड्याने देऊ शकतो! म्हणजे शहरात मौनाचा अर्थ मनाई, तर खेड्यात मौनाचा अर्थ मोकळीक. यात्रेच्या गावी तोंडी बोलीवर घर देणाऱ्या मालकाने ही गोष्ट मनात कोरून ठेवावी. शहरातील मालकाचीही यातून सुटका नाही. १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावरच टाकते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मुद्रांकाचे चार पैसे वाचवण्यासाठी जो नोंदणी टाळतो, त्याने पुढे फसवणुकीची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

हा वाद आजचा नाही. धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या वारशातून आला. म्हणून येथे दीर्घकाळ १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा लागू होता, तर मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबईचा कायदा. संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवण्याला या दोन्ही कायद्यांचा विरोध होता. तरीही मुंबईत जागेची टंचाई एवढी, की बंदी कागदावर राहिली आणि खोल्यांत पोटभाडेकरू राहिले. अखेर १९५९ मध्ये सरकारला वटहुकूम काढून त्या वेळी राहत असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण द्यावे लागले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूंचा दर्जा देण्यात आला. बेघर होऊ घातलेल्यांना त्यामुळे आधार मिळाला, हे निर्विवाद. परंतु ‘एकदा आत आलेला माणूस बाहेर जात नाही’ ही धास्ती त्यातूनच मालकांच्या मनात ठाण मांडून बसली. दोन रात्रींच्या पाहुण्याबाबत ती धास्ती अनाठायी आहे. त्याला आपले घर कधी गाठतो असे झालेले असते.

मग खरे संकट कशात आहे? आमच्या मते ते जबाबदारी बेवारस होण्यात आहे. रात्री गॅसचा भडका उडाला, जिन्यात कोणी पडले, खोलीत गैरकृत्य झाले किंवा परदेशी प्रवाशाची पोलिसांना द्यावयाची माहिती राहून गेली, तर उत्तर द्यायचे कोणी? मालकाला ठाऊक नाही, भाडेकरू गावी नाही, आणि शेजाऱ्याने तर कोणालाच आत घेतलेले नाही. सर्वांत केविलवाणी अवस्था त्या पाहुण्याची होते. आगाऊ पैसे भरून, लेकराबाळांसह तो मध्यरात्री दारात उभा राहतो आणि मालक येऊन विचारतो, ‘आपण कोण?’ यात पाहुण्याचा काय अपराध? ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा या शब्दाचा अर्थ आपण शाळेत शिकलो. ज्याची तिथी, वेळ आणि दर तिन्ही आधी ठरतात, तो अतिथी नसून गिऱ्हाईक होय. आणि गिऱ्हाइकाला मालाचा खरा धनी कोण हे जाणून घेण्याचा हक्क असतो.

म्हणून नुसत्या बंदीने हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी घर देणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली असून, यजमानाने त्या काळात स्वतः त्याच घरात असले पाहिजे अशी अट घातली आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी तर २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीच्या घरांचे परवानेच संपुष्टात आणण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. तेथे कायम वस्तीच्या नागरिकांनाच घरे मिळेनाशी झाली, हे त्यामागचे कारण. सोनारीचे किंवा तुळजापुराचे दुखणे एवढे विकोपाला गेलेले नाही. पण नोंद आणि यजमानाची हजेरी ही दोन तत्त्वे आपणही घ्यावीत अशी आहेत. आपल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने न्याहारी-निवास योजना आखून घरगुती निवासाला मान्यतेची वाट करून दिलेलीच आहे. यात्रेच्या गावी ग्रामपंचायतीने अथवा नगरपरिषदेने एक साधी वही ठेवावी. कोणते घर, मालक कोण, यजमान कोण, आणि मालकाची लेखी संमती आहे की नाही, एवढ्या चार रकान्यांत निम्मे तंटे मिटतील.

उरलेले निम्मे दोघांच्या समजूतदारपणावर अवलंबून आहेत. भाडेकरूने आधी विचारावे, आणि मालकानेही प्रत्येक विचारणेला संशयाने नकार देऊ नये. बटाईने जमीन कसताना पिकाचा वाटा कसा पडावा हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. यात्रेच्या चार दिवसांच्या उत्पन्नाचा वाटाही तसाच सरळ ठरवता येईल. भाड्याने दिलेल्या घरात मालकाने भाडेकरूच्या संमतीवाचून पाऊल टाकू नये, यासाठी भाडेकरू हक्काने भांडतो, आणि ते रास्तच आहे. पण मग त्याच उंबऱ्यातून मालकाच्या संमतीवाचून परक्याला आत घेताना त्याला तोच न्याय का आठवू नये? उंबरा एकच आहे. त्याची मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळली गेली तरच घर हे घर राहील.