विश्लेषण : ‘मी तुमच्यातलाच’ म्हणणाऱ्या नेत्यावर मतदाराचा विश्वास का बसत नाही?

निवडणूक जाहीर झाली की नेते टपरीवर चहा घेताना, शेतात औत धरताना, कार्यकर्त्याच्या घरी मांडी घालून पिठले-भाकरी खाताना दिसू लागतात. त्याची चित्रफीत मोबाइलवर येते. मतदार ती पाहतो, हसतो आणि ‘बघा, आले इलेक्शन’ असे लिहून पुढे पाठवतो. या हसण्यामागे अनेक वर्षांच्या अनुभवातून आलेला हिशेब आहे. तो कुठे बरोबर आहे आणि कुठे मतदाराचेच नुकसान करतो, याचा हा आढावा.

साधेपणाची ही परंपरा आली कुठून?

भारतीय राजकारणात साधेपणाचे मोजमाप गांधीजींपासून सुरू होते. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत त्यांनी अंगावरचे इतर कपडे सोडून पंचा नेसायला सुरुवात केली. पुढे १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेल्यावर ब्रिटिश राजाच्या भेटीलाही ते त्याच वेशात गेले. समोर कोण आहे, हे पाहून त्यांनी वेश बदलला नाही.

स्वातंत्र्यानंतरही अशी माणसे होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी फियाट मोटार घेण्यासाठी बँकेचे कर्ज काढले आणि त्यांच्या निधनानंतर ते पत्नी ललिता शास्त्री यांनी फेडले. महाराष्ट्रात शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. आमदार झाल्यावरही एसटीने प्रवास करणारा नेता ही त्यांची ओळख शेवटपर्यंत टिकली. तालुक्याने त्यांना एसटीत पाहिले ते छायाचित्रात नव्हे, शेजारच्या आसनावर.

मग बदलले काय?

पूर्वीही प्रतीके वापरली जात होती. पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. पण ते आंदोलन आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. ‘मी रोज बैलगाडीतूनच फिरतो’ असा त्यात दावा नव्हता.

गेल्या दोन दशकांत प्रतीकाची जागा ओळखीने घेतली. २००८ मध्ये राहुल गांधी यांनी लोकसभेतील भाषणात यवतमाळ जिल्ह्यातील जळका गावच्या शेतकरी विधवेची कहाणी सांगितली आणि ते गाव देशभर पोहोचले. २०१३ मध्ये अरविंद केजरीवाल मुख्यमंत्रीपदाची शपथ घ्यायला मेट्रोने गेले. २०१४ च्या लोकसभा प्रचारात नरेंद्र मोदी यांचा चहा विकण्याचा भूतकाळ ‘चाय पे चर्चा’च्या रूपाने केंद्रस्थानी आला. पंतप्रधान या नात्याने त्यांनी २०१९ मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्यात सफाई कामगारांचे पाय धुतले. २०२३ मध्ये राहुल गांधी ट्रकमधून फिरले, हरियाणात भातलावणी करताना दिसले. महाराष्ट्रात २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर सीएम म्हणजे ‘कॉमन मॅन’ अशी व्याख्या त्यांनी केली. रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकल्याचा त्यांचा टोलाही गाजला.

दरम्यान छायाचित्रकारही बदलला. पूर्वी वृत्तपत्राचा माणूस येईल तेव्हा छायाचित्र निघायचे. आता नेत्याचा स्वतःचा चमू सोबत असतो. कोन, प्रकाश, पार्श्वसंगीत ठरलेले असते आणि अर्ध्या तासात रील तयार होते. ज्याच्या हातात मोबाइल आहे तो मतदारही रील बनवतो. त्यामुळे चित्रफितीत घास दिसण्याआधी त्याला कॅमेरा दिसतो.

गरिबीतून आल्याचे सांगणे मतदाराला खटकते का?

नाही. किंबहुना त्याचा त्याला आदरच आहे. रिक्षा चालवून, चहा विकून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून कोणी मोठ्या पदावर गेला, तर ती वाट आपल्या मुलांनाही मोकळी आहे, असे वाटण्याला मोठा अर्थ असतो. आर. आर. पाटील ‘आबा’ झाले ते याच आपलेपणातून.

खटकते ती दावा आणि वागणे यातील फट. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकी अध्यक्षांच्या भेटीवेळी पंतप्रधानांनी घातलेला नावाची नक्षी असलेला सूट महिनाभरात लिलावात ४ कोटी ३१ लाख रुपयांना गेला. ते पैसे गंगा शुद्धीकरणासाठी होते, तरी विरोधकांना ‘सूट-बूट की सरकार’ हा टोला मिळाला. मफलर आणि छोटी मोटार ही ओळख असलेल्या केजरीवाल यांना सरकारी निवासस्थानाच्या नूतनीकरणावरील कोट्यवधींच्या खर्चाचे उत्तर देणे जड गेले. २०१५ मध्ये दिल्लीत ७० पैकी ६७ जागा जिंकणारा त्यांचा पक्ष २०२५ मध्ये २२ जागांवर आला आणि ते स्वतःही पराभूत झाले. पराभवाला इतरही कारणे होती. पण ‘आम्ही वेगळे’ म्हणणाऱ्याला मतदार अधिक कडक मोजपट्टी लावतो, हे त्यातून दिसले. शिंदे सातारा जिल्ह्यातील दरे गावी शेतात रमल्याची छायाचित्रे आली, तेव्हा विरोधकांनी शेताऐवजी तिथे नेणाऱ्या हेलिकॉप्टरवर बोट ठेवले.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे गेले. निर्णयाचे स्वागत झाले. पण ताफ्यासाठी चौकात रोखलेल्या दुचाकीस्वाराला दिवा नसल्याने फारसा फरक पडला नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते का?

नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये गरम खाद्यपदार्थांवरील कराचा वाद पेटला. त्यात सापडली पेस्टी, म्हणजे करंजीच्या आकाराचा, सारण भरलेला, कामगारवर्गाच्या आवडीचा पदार्थ. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी आपणही पेस्टी आवडीने खातो, लीड्स स्थानकावर घेतली होती, असे सांगितले. त्यांनी सांगितलेले दुकान आधीच बंद झाल्याचे पत्रकारांनी शोधून काढले. मग कर बाजूला राहिला आणि देशभर चर्चा पेस्टीची झाली. आपल्याकडे मिसळ आणि वडापावचे होते, ते तिकडे पेस्टीचे.

सभागृहात ‘सामान्य’ किती उरले?

या प्रश्नाकडे मात्र हसण्याच्या भरात दुर्लक्ष होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निकालांमुळे उमेदवारांना मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था त्यांचे विश्लेषण करते. त्यानुसार २००९ मध्ये लोकसभेत कोट्यधीश खासदार ५८ टक्के होते. २०१४ मध्ये ते ८२, २०१९ मध्ये ८८ आणि २०२४ मध्ये ९३ टक्के झाले. २०२४ मध्ये निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेत हे प्रमाण ९७ टक्के आहे.

या आकड्यांकडे सावधपणे पाहायला हवे. जमिनीचे आणि घरांचे भाव वाढले आहेत. मुंबईत दोन खोल्यांचे घर असलेला नोकरदारही कागदावर कोट्यधीश ठरू शकतो. तरीही दिशा स्पष्ट आहे. गेल्या दोन दशकांत नेत्यांच्या तोंडी ‘सामान्य माणूस’ वाढत गेला आणि त्याच काळात सभागृहातून तो कमी होत गेला.

कायद्याने दार उघडे आहे. विधानसभेसाठी अनामत १० हजार रुपये आणि लोकसभेसाठी २५ हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. पण उंबरठा ओलांडल्यावर लागणारा पैसा वेगळा. मोठ्या राज्यांत उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादा विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. ही कायद्यातली मर्यादा. प्रत्यक्षातल्या खर्चाबद्दल गावातले पोरही अंदाज सांगते. पक्ष खर्च करू शकणाऱ्यालाच उमेदवारी देतात. मग निवडून आलेल्या श्रीमंत माणसाला आपण सामान्य असल्याचे दाखवावे लागते. टपरीवरचा चहा ही त्या तुटीची भरपाई आहे.

साधा नेता निवडला की प्रश्न सुटतो का?

तसेही नाही. त्रिपुराचे माणिक सरकार सलग २० वर्षे मुख्यमंत्री होते. २०१८ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्या हातातील रोकड दीड हजाराच्या आसपास आणि बँकेतील शिल्लक अडीच हजारांच्या आत होती. त्यांच्या प्रामाणिकपणावर विरोधकांनाही बोट ठेवता आले नाही. तरीही त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची सत्ता गेली. तरुणांना रोजगार हवा होता आणि सरकारी कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार.

आर. आर. पाटील यांनी ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत नेले. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतरच्या एका वक्तव्यामुळे त्यांना गृहमंत्रीपद सोडावे लागले. साधेपणा हा गुण आहे, पण तो कारभाराची जागा घेऊ शकत नाही. मतदार हे जाणतो. म्हणूनच तो साध्या नेत्यावर प्रेम करतो आणि त्याच्या पक्षाला पाडतोही.

हा अविश्वास लोकशाहीला मारक आहे का?

चिडलेला मतदार घरी बसतो, असा समज आहे. आकडे वेगळे सांगतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये ते ६१ टक्क्यांच्या आसपास होते. नेत्यांवर हसणारा माणूस रांगेतही उभा राहतो.

कधी तो रांगेत उभा राहून नकार नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर ‘नोटा’चे बटण आले. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ला २७ हजार ५०० मते पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. पलूस-कडेगावातही त्या वर्षी तेच झाले. पण विधानसभा आणि लोकसभेत ‘नोटा’ने निकाल बदलत नाही. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच विजयी होतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता निर्णय घेतला की ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यायची.

धोका ‘सगळे सारखेच’ या वाक्यात आहे. ते बोलायला सोपे आहे आणि पारावर, कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात त्याला लगेच मान डोलावली जाते. पण त्याचा फायदा कोणाला होतो? प्रामाणिक माणसाला तर नक्कीच नाही. सगळे सारखेच ठरले की त्याच्या प्रामाणिकपणाला किंमत उरत नाही आणि गैरकारभार करणाऱ्याला वेगळी शिक्षा मिळत नाही. अविश्वास उपयोगी ठरतो तो प्रश्न विचारल्यावर. नुसते हसून सोडून दिले, तर नेत्याला चित्रफितीवर आणखी काही लाख प्रेक्षक मिळतात, इतकेच.

मग सामान्यांशी जवळीक मोजायची कशी?

पहिली कसोटी वेळेची. निवडणूक नसलेल्या वर्षात लोकप्रतिनिधी किती सापडतो? त्याच्या कार्यालयात मध्यस्थाशिवाय काम होते का?

दुसरी कसोटी कागदाची. एकाच उमेदवाराची लागोपाठच्या दोन निवडणुकांतील प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून पाहता येतात. ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली आणि उत्पन्न काय दाखवले, हे वाचायला पंधरा मिनिटे पुरतात. खासदाराला स्थानिक विकासासाठी दरवर्षी ५ कोटी रुपये असतात. ते कुठे खर्च झाले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

तिसरी कसोटी सर्वात महत्त्वाची. सामान्य माणसाचा सत्तेशी खरा संबंध येतो तो नगरसेवक, सरपंच आणि जिल्हा परिषद सदस्य यांच्या पातळीवर. तिथे प्रचाराचा खर्च तुलनेने कमी आणि ओळख थेट. सामान्य घरातून आलेला कार्यकर्ता तिथूनच वर चढतो. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही तीच गत झाली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते, हे खरे. पण मंत्रालयात ‘कॉमन मॅन’चा गजर सुरू असताना सामान्यांच्या सर्वात जवळची सभागृहे रिकामी होती, हेही तितकेच खरे. या कालावधीबद्दल कोणत्या पक्षाने किती आग्रहाने आवाज उठवला, हे नेत्याच्या ताटातल्या भाकरीपेक्षा जास्त सांगून जाते.

मतदाराने काय करावे?

आर. के. लक्ष्मण यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रेखाटलेला चौकटीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ अनेक दशके सगळे पाहत राहिला आणि कधी एक शब्द बोलला नाही. व्यंगचित्रात ते मौन शोभले. खऱ्या मतदाराला मात्र गप्प राहण्याची सक्ती नाही. नेता टपरीवर आला तर चहा जरूर पाजावा. पाहुण्याला चहा देण्याची आपली रीत आहे. पण कप खाली ठेवण्याआधी विचारावे, की गावात बंद झालेली एसटीची फेरी कधी सुरू होणार, शाळेतली शिक्षकाची रिकामी जागा कधी भरणार आणि मागच्या वेळी याच टपरीवर दिलेल्या आश्वासनाचे काय झाले. कॅमेरा तोपर्यंत सुरूच असतो. त्याचे उत्तरही त्यात येऊ द्यावे.