डबा वाटण्याआधी विचारा

वळसंगला मधल्या सुट्टीत डबे उघडले की शेंगाचटणी हातोहात फिरते. ईदनंतर काजू-पिस्ते घातलेला शीरखुर्माही. वाटून खाण्यात सवाब आहे, हे आम्हीच शिकवतो. पण एखाद्या लेकराच्या जिवावर शेंगदाण्याचा एक घासही बेतू शकतो. म्हणून "थोडंसं खाऊन बघ" असा आग्रह नको. घरी अशी अ‍ॅलर्जी माहीत असेल तर वर्गशिक्षकांना लेखी कळवा. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठून ओठ सुजले, धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. लगेच 108 ला फोन करा. मुलाला चालवू नका. मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला इलाज. नुसत्या गोळीने भागत नाही. तुमचं लेकरू आमच्याकडे अमानत आहे. त्याला काय सोसत नाही, तेही सांगून पाठवा.