ई२० असो की सीएनजी, इंजिनातला 'वॉल' कशाचा बनलाय ते आधी बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये ई२० पेट्रोलवरून सोशल मीडियावर जो गदारोळ झाला, तो तुमच्याही फीडमध्ये आला असेल. मायलेज पडलं, जुन्या गाड्यांचं काय, पंपावर साधं पेट्रोल का मिळत नाही, वगैरे. पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा दिला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १ सप्टेंबरला कोर्टाने याचिका फेटाळली. चर्चा मात्र थांबली नाही, आणि त्यात एक वाक्य हमखास येतं: "याने इंजिनाचे वॉल जळतात." सीएनजी किटबद्दलही गॅरेजवर हेच ऐकायला मिळतं. यात तथ्य किती?

याचं उत्तर अर्धं इंधनात आहे. उरलेलं अर्धं आहे व्हॉल्व्ह कोणत्या धातूचा आहे आणि तो ज्या कड्यावर टेकतो ती 'सीट' कशाची आहे, यात.

व्हॉल्व्हची ड्युटी बघा. इनटेक व्हॉल्व्ह हवा-पेट्रोल आत घेतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला वायू बाहेर सोडतो. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. इनटेकवरून निदान थंड हवा तरी जाते. एक्झॉस्टच्या नशिबी ७००-८०० अंश सेल्सिअस, म्हणजे लोखंड लाल होतं ते तापमान.

त्यामुळे दोघांचा धातू एक नसतो. इनटेकला साधारण ९ टक्के क्रोमियम आणि ३ टक्के सिलिकॉन असलेलं पोलाद चालतं. ते कडक असतं आणि स्वस्तही. एक्झॉस्टला तेच लावलं तर तापून मऊ पडेल. तिथे बहुतेक वेळा '२१-४एन' नावाचं पोलाद असतं. नावातच रेसिपी आहे: २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल आणि 'एन' म्हणजे नायट्रोजन. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतला धातू गंजत नाही. निकेल महाग, म्हणून त्याचं बरंचसं काम सुमारे ९ टक्के मँगनीज आणि थोड्या नायट्रोजनवर भागवलेलं आहे.

गंमत म्हणजे हा फरक लोहचुंबकाने तपासता येतो. इनटेकच्या पोलादाला चुंबक चिकटतं, २१-४एनला चिकटत नाही. काही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्याला चिकटतं पण डोक्याला नाही. तो डुप्लिकेट माल असेलच असं नाही. डोकं एका पोलादाचं आणि दांडा दुसऱ्याचा, असे दोन तुकडे घासून तापवून जोडलेले असतात.

टर्बो किंवा जास्त लोडच्या इंजिनांत याच्याही पुढे जावं लागतं. काही ठिकाणी निकेलवर आधारित मिश्रधातू वापरतात, काही व्हॉल्व्हच्या कडेवर स्टेलाइटचा थर देतात. स्टेलाइट म्हणजे कोबाल्ट, क्रोमियम आणि टंगस्टन, लाल तापलं तरी कडक राहणारं. काही परफॉर्मन्स गाड्यांत पोकळ व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलेलं असतं. ते ९८ अंशांना वितळतं आणि आत हिंदकळत डोक्याची उष्णता दांड्याकडे नेतं.

आता सीट. व्हॉल्व्ह मिटून सीटला टेकतो, त्या क्षणभरात त्याची बहुतेक उष्णता सीटमार्गे हेडमध्ये जाते. टेकणं नीट झालं नाही तर कितीही भारी मिश्रधातू असू दे, व्हॉल्व्ह जळणारच. गॅरेजवर जळका व्हॉल्व्ह दाखवून "बघा, इंधनाने जाळला" म्हणतात, तेव्हा सीटची अवस्था काय होती हे विचारायला हवं.

इंधन बदललं आणि सीटने मार खाल्ला, असं आधीही घडलंय. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. घालायचे ऑक्टेनसाठी, पण त्याचा पातळ थर सीटवर बसायचा आणि धातूला धातू थेट लागत नसे. अँबॅसिडरच्या जुन्या बीएमसी इंजिनाचं हेड बिडाचं, म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याच्याच जातीचं, आणि सीट त्यातच कापलेली. वेगळं कडक कडं नाही. भारतात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि मुलांच्या मेंदूवर होणारा शिशाचा परिणाम पाहता ते व्हायलाच हवं होतं. पण अशा हेडमध्ये आता तापलेला व्हॉल्व्ह थेट बिडावर आपटतो, बारीक कण उखडतात आणि सीट हळूहळू खोल जाते.

सीएनजीत हीच कहाणी थोडी बदलून येते. गॅस कोरडा. पेट्रोलचा ओलावा नाही, त्याच्या बाष्पीभवनाने इनटेक व्हॉल्व्हला मिळणारा गारवा नाही, आणि काजळीचा जो थोडाफार थर मधे गादीसारखा बसतो तोही नाही. म्हणून सीएनजी धरूनच बनवलेल्या इंजिनांत सहसा जास्त कडक सीट देतात. धातूची भुकटी दाबून, भट्टीत भाजून ही कडी बनतात आणि त्या भुकटीतच वंगणाचं काम करणारे पदार्थ मिसळता येतात. पुण्याच्या बजाजने जुलै २०२४ मध्ये आणलेली फ्रीडम १२५ ही पहिल्यापासून सीएनजीसाठी आखलेली बाइक आहे. दहा वर्षं पेट्रोलवर पळालेल्या हॅचबॅकमध्ये बाहेरून किट टाकलं, तर टाकी आणि पाइप नवे येतात, सीट मात्र जुनीच राहते.

मग ई२०? माझ्या मते व्हॉल्व्ह जळण्याची भीती इथे वाढवून सांगितली जाते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं 'लीन' होतं. फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ते ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरच्या जुन्या बाइकला ते जमत नाही, आणि तिचा एक्झॉस्ट थोडा जास्त तापू शकतो. पण इथेनॉल बाष्प होताना गारवाही जास्त देतं. जुन्या गाडीत ई२०मुळे आधी काळजी करायची ती रबरी सील, नळ्या आणि पाणी ओढून घेणाऱ्या इथेनॉलमुळे गंजणाऱ्या भागांची. मायलेजची तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या डिझाइनच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. त्याच आराखड्यात ई२० सोसणाऱ्या मटेरियलच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आणायच्या असं होतं. इंधन मात्र सगळ्यांना एकच मिळतंय, २०१५ च्या गाडीलाही. माझा खरा आक्षेप इथे आहे: कंपन्या टचस्क्रीनचे इंच सांगतात, मग जुन्या मॉडेलला कोणतं इंधन किती झेपेल हे मॉडेलनिहाय का सांगत नाहीत?

किट बसवलेली गाडी असेल किंवा सेकंड हँड घेत असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. गॅप वाढला तर टकटक आवाज येतो, कमी झाला तर इंजिन उलट शांत होतं. मालक खूश, आणि व्हॉल्व्ह मात्र पूर्ण मिटत नाही. सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडलिंगला थरथर, चढावर दम न राहणं ही पुढची लक्षणं. तेव्हा मेकॅनिककडून टॅपेट गॅप मोजून घ्या आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासायला सांगा. एकाचं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी निघालं तर हेड उतरवायची वेळ जवळ आली असं समजा. आणि हेड उतरवलंच, तर नुसतं ग्राइंडिंग करून परत बसवू नका, सीएनजीला चालणाऱ्या कडक सीट मिळतात का ते लेथवाल्याला विचारा.