पाठ वाहनांचा, शिक्षण विचाराचे

पहिली-दुसरीच्या वर्गात 'वाहतुकीची साधने' हा पाठ बहुधा एका तासिकेत उरकला जातो. जमिनीवर बस, पाण्यात होडी, आकाशात विमान. मुले एका सुरात म्हणतात आणि शिक्षक समाधान पावतात. आमच्या मते येथे पाठांतर घडते, विचार घडत नाही.

वर्गीकरणाची कसोटी मुलाने स्वतः शोधली, तरच विचाराला प्रारंभ होतो. वाहनांची दहा-बारा चित्रे मुलांपुढे ठेवावीत आणि एवढेच सांगावे, "यांचे गट करा व तसे का केले ते सांगा." कोणी चाके मोजेल, कोणी ओढणारा बैल की इंजिन हे पाहील, तर कोणी तिकिटाचा विचार करील. होडीला चाके नाहीत, मग तिला कोणत्या गटात ठेवायचे, असा वाद उद्भवल्यास तो गोंगाट समजून थांबवू नये. आपले कारण सांगणे, दुसऱ्याचे ऐकणे आणि पटल्यास आपला गट बदलणे, हे मुले त्या वादातूनच शिकतात.

बैलगाडी 'जुन्या साधनांत' घातली की उत्तर बरोबर, असा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ज्या मुलाचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, त्याने कारखान्याबाहेर उसाने भरलेल्या गाड्यांची रांग पाहिलेली असते. त्याचे वडील आजही गाडी हाकतात. त्याचे उत्तर चूक ठरवले, तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि बापाचे कष्ट कमीपणाचे, असा धडा तो घेतो. उलट "ट्रॅक्टर असताना बैलगाडी का टिकली?" असे विचारल्यास शेतातील अरुंद वाट, डिझेलचा खर्च, बैलांचा चारा, असे अनेक मुद्दे मुलेच मांडतात.

चौथीच्या मुलांपुढे याहून अवघड प्रश्न ठेवावा : वाहनात कोणाला बसू दिले जात होते? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पण वाहन नवे आले म्हणून जुना भेद गेला नाही. १९०१ साली बालवयातील बाबासाहेब भाऊ व भाच्यांसमवेत वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरले. जात कळल्यावर गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान पायी चालला. तो पायी का चालला, त्याला कशाची भीती वाटत होती, याचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. मुलांना ते शोधू द्यावे. अन्यायाचे कारण विचारण्याची सवय लहानपणी लागली, तर ती आयुष्यभर टिकते.

हे काम शाळेच्या चार भिंतींत पुरे होणार नाही. सुटीनंतर मुलांना वसतिगृहात सोडावयास येताना पालकांनी वाटेत विचारावे, "आपण एसटीनेच का आलो? दुसरा मार्ग कोणता होता?" माजी विद्यार्थ्यांपैकी जे चालक, वाहक वा रेल्वे कर्मचारी आहेत, त्यांनी एक दिवस वर्गात यावे, भाषण बाजूला ठेवावे आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. शाळेला दिलेली ती मोठीच देणगी ठरेल.