आम्ही चित्रे पाहतो काय?

प्रायश्चित्तकाळ आला की आमच्या अनेक धर्मग्रामांत एक चित्र हमखास पडद्यावर येते. रेम्ब्रांटचे ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’. प्रवचनकार गुडघे टेकलेल्या मुलाकडे बोट दाखवितो, पापनिवेदनाचे महत्त्व सांगतो, आणि दोन मिनिटांत पुढचे चित्र येते. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो आहोत. आमचे भांडण आहे ते या दोन मिनिटांशी.

याच चित्राने एका धर्मगुरूचे काय केले, ते पाहावे. हेन्री नौवेन हे डच धर्मगुरू, अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांचे प्राध्यापक, अनेक ग्रंथांचे कर्ते. १९८३ साली फ्रान्समधील एका खेड्यात, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबरोबर राहणाऱ्या ‘लार्श’ समुदायात ते गेले असता एका दारावर लावलेली या चित्राची छापील प्रत त्यांच्या दृष्टीस पडली. ती प्रत त्यांना सोडीना. १९८६ साली ते लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात मूळ चित्रापुढे खुर्ची घेऊन बसले, तासन्तास बसले. साडेआठ फूट उंचीचे ते चित्र. मुलाचे मुंडलेले डोके, पायातून निसटलेली चप्पल, पाठीवर टेकलेले बापाचे दोन हात, त्यांतला एक राकट, दुसरा मऊ. आणि उजवीकडे ताठ उभा असलेला तो मनुष्य, ज्याच्याकडे आमच्या पडद्यावर कोणी वळूनही पाहत नाही.

नौवेन आरंभी स्वतःला धाकटा मुलगा समजत होते. थकलेला, घरी येऊ पाहणारा. मग एका मित्राने विचारले, तुम्ही थोरले तर नाही? आज्ञाधारक, कष्टाळू आणि मनातून कुढणारे? हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. पुढे आणखी एका सहकाऱ्याने सुचविले की धाकटे असा वा थोरले, तुम्हाला बोलावणे आहे ते बाप होण्याचे. हार्वर्ड सोडून ते टोरोंटोजवळच्या लार्श समुदायात राहावयास गेले, तेव्हा हे चित्र त्यांच्या सोबत होते. ह्या चिंतनाचा ग्रंथ १९९२ साली निघाला. १९९६ च्या सप्टेंबरात ह्याच चित्रावरील एका माहितीपटासाठी रशियाला जात असताना वाटेत, मायभूमी हॉलंडमध्ये, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. म्हणजे तेरा वर्षे. आम्ही देतो दोन मिनिटे, आणि वर लोकांची अंतःकरणे वितळत नाहीत अशी कुरकुर करतो!

कोणी म्हणेल, फादर, ही हॉलंड-रशियाची कौतुके झाली, आमच्याकडे रेम्ब्रांट कुठला? आमच्याकडे होता, आणि आम्ही त्याला घालवून दिला. आंजेलो द फोन्सेका १९०२ साली गोव्यात जन्मले. शांतिनिकेतनात त्यांनी भारतीय चित्रपरंपरेचे शिक्षण घेतले आणि पवित्र मरियेला साडी नेसविली. आमच्या धर्मबांधवांना ते सोसले नाही. ज्या मातेला आम्ही पोर्तुगीज झग्यात आनंदाने पाहत होतो, ती आमच्या आयाबहिणींसारखी दिसू लागताच आम्हांस तो अधर्म वाटला. विरोध असह्य होऊन ते पुण्यास आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. तो आश्रम अँग्लिकनांचा! कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो असा. १९६७ साली ते निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. आमचे लोक फेस्तासाठी गोव्याला बसगाड्या भरभरून जातात, पर्वरीवरूनच जातात. त्यांतली एक तरी बस तेथे थांबली काय?

परमगुरुस्वामी पोप पौल सहावे यांनी ७ मे १९६४ रोजी सिस्टाइन चॅपेलमध्ये कलावंतांची क्षमा मागितली होती. आम्ही तुम्हांला जाचलो, आणि तुम्हांला सोडून स्वस्त, हलक्या छापील चित्रांवर भागविले, असा त्या कबुलीचा आशय होता. ख्रिस्तसभेच्या मस्तकाने जे पदरी घेतले, ते आमच्या धर्मग्राम मंडळांच्या गावीही नाही. फायबरच्या चकचकीत मूर्ती, त्यांच्याभोवती लुकलुकणारे दिवे, आणि मूर्तीच्या चेहऱ्यापेक्षा ठळक अशी दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी.

दुसऱ्यांना बोल लावण्यापूर्वी आमचे पाप सांगितले पाहिजे. तरुणपणी एका धर्मग्रामात आम्ही नेमणुकीवर होतो. तेथे दुःखी मातेची जुनी लाकडी मूर्ती होती. रंग विटलेला, आणि डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत लाकडाला चीर गेलेली. एक वृद्धा रोज दुपारी तिच्यापुढे बसत असे. तिचा मुलगा समुद्रावर गेला तो परतला नव्हता. सण जवळ आला तसा आम्ही उत्साहाने पेंटर बोलावला. त्याने मूर्ती पॉलिशपेपरने घासली, चीर लांबीने बुजविली, वर गुलाबी ऑइलपेंट दिला. सर्वांनी वाहवा केली. म्हातारी दुपारची येईनाशी झाली. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, “फादर, आता ती रडत नाय.”

सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो. भावी धर्मगुरूंना पवित्र कलेचा इतिहास शिकवावा असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच उपासनेवरील संविधानात लिहून ठेवले आहे. आम्हांला तो कोणी शिकविला नाही. पण ही सबब आहे. त्या म्हातारीलाही तो कोणी शिकविला नव्हता. गरिबांना भाकरी हवी, कला कशाला, असे सभेत ठासून सांगणाऱ्यांनी तिचे स्मरण ठेवावे. शिवाय फायबरच्या वेदीचा खर्च भाकरीतूनच जातो, ह्याचा हिशोब ते मांडत नाहीत.

त्याच संविधानात मौल्यवान पवित्र वस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, अशी दक्षता बिशपांनी घ्यावी, असेही म्हटले आहे. तरीही जुनी लाकडी वेदी उतरवून ‘नवी बसवू या’ असा ठराव होतो तेव्हा एकही हात विरोधात वर जात नाही. आमची विनंती आहे की असा ठराव तुमच्या धर्मग्रामात आला, तर मतदानापूर्वी सर्व सभासदांनी त्या वेदीपुढे तासभर मुकाट्याने बसावे. येत्या प्रायश्चित्तकाळात एक चित्र निवडावे, एकच, आणि चाळीसही दिवस तेच ठेवावे. प्रवचनकाराने त्यावर पहिला आठवडा काही बोलू नये.

आणि दुपारी चर्चला कुलूप घालू नये. चोरीचे भय आम्हांस ठाऊक आहे. त्यासाठी राखणदार ठेवावा. दिव्यांच्या माळांचे पैसे त्याला पुरतील.