कर्ज दिलं तारापूरच्या पारशांनी, मग वऱ्हाड इंग्रजांना कसं मिळालं?

राज्यातल्या कंत्राटदारांची जवळपास ८९ हजार कोटींची बिलं सरकारकडे थकलीत, असा दावा त्यांच्या संघटनांनी २०२५ मध्ये केला होता. तेव्हा अनेकांनी विचारलं, सरकारच पैसे देईना तर वसूल कुणाकडून करायचे?

प्रश्न जुना आहे. आणि त्याचं एक उत्तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे.

बोईसरजवळचं तारापूर आज अणुवीज केंद्रामुळे माहीत असतं. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथले विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी भाऊ उत्तर कोकणातल्या जकातीचे मक्ते घेऊन मोठे झाले. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईला आणायला सुरुवात केली, तीही यांच्याच पेढीने.

वऱ्हाड तेव्हा निजामाचं. हैदराबादचा कारभारी चंदुलाल कायम पैशांच्या तंगीत. सैन्याचे पगार भागवायला तो सावकारांकडून उचल घ्यायचा आणि बदल्यात जिल्ह्यांचा वसूल त्यांच्या हवाली करायचा. विकाजी-पेस्तनजींनाही तारण म्हणून वऱ्हाडातले जिल्हे मिळाले. म्हणजे निदान पीक आलं की पैसे हातात. आजच्या कंत्राटदाराकडे तेवढंही नसतं!

पण ही सगळी व्यवस्था एका माणसाच्या शब्दावर उभी होती. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाला आणि १८४५ मध्ये निजाम सरकारने ते जिल्हे परत घेतले. कर्ज मात्र फिटलेलं नव्हतं.

हे भाऊ कंपनी सरकारची रयत, निजामाच्या राज्यात परके. त्यांनी कंपनीकडे दाद मागितली. कंपनीने हात वर केले आणि पेढी बुडाली.

त्याच काळात इराणात काय चित्र होतं? १८२८ च्या तुर्कमानचाय तहाने रशियन प्रजेला खास हक्क मिळाले होते. तिथल्या एखाद्या सुभेदाराने रशियन व्यापाऱ्याचे पैसे थकवले, तर व्यापाऱ्याच्या मागे रशियाचा वकील उभा राहू शकत होता. आपल्या पारशांच्या मागे कुणीच नव्हतं.

खरी मेख पुढे आहे. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट. तिचा पगार थकला, कंपनीने स्वतः पैसे भरले आणि स्वतःच सावकार झाली. १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी तिने वऱ्हाडच ताब्यात घेतलं. ऋणको तोच, तारणही तेच. फरक एवढाच की या सावकाराकडे लष्कर होतं. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांवर हा मुलूख कायमचा पट्ट्याने घेतला.

पेस्तनजींच्या नावाचा औरंगाबादच्या टाकसाळीत पडलेला ‘पेस्तनशाही’ रुपया नाणी जमवणाऱ्यांकडे आजही सापडतो.